वाटणीत ज्यांचे नाव नव्हते





गेल्या महिन्यात नववीच्या वर्गावर मी बदली तास घेत होते. विषय जमिनीच्या नोंदींचा निघाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, आमच्या शेताला लागून जे शेत आहे ना, त्याच्या खसऱ्यात भूमिस्वामी म्हणून देवाचं नाव आहे. देव शेती कशी करणार?" वर्ग हसला, मीही हसले. तास संपला तेव्हा उत्तर अर्धवटच राहिले होते. ते या अंकात पूर्ण करते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरात आणि या शाळेत शिकले, तेव्हा एखादी वेलांटी चुकली तर वरच्या वर्गातील मुलांनी ती दुरुस्त करून वाचावी.

हा प्रश्न मला घरचाच वाटला. माझे आजोबा देवास जिल्ह्यातील एका खेड्यात राममंदिराचे पुजारी होते. देवळाकडे नऊ बिघे माफीची जमीन होती. माफी म्हणजे जिचा सारा सरकारने सोडलेला आहे अशी जमीन. आजोबा पहाटे पूजा करीत आणि दिवसभर शेत पाहत. त्या शेताला ते कधी "माझे" म्हणाले नाहीत, नेहमी "देवाचे" म्हणत. पण गहू मात्र आमच्याच घरात येई. लहानपणी मला या दोन गोष्टींचा मेळ लागत नसे.

मूळ प्रश्न असा. जो माणूस दिवसभर पूजा, पाठ, पंचांग किंवा विद्यादान करतो त्याने नांगर कधी धरायचा? आणि नांगर धरला नाही तर खायचे काय? प्रत्येक समाजाला याचे उत्तर शोधावे लागले. सर्वांत बारकाईने लिहून ठेवलेले उत्तर फार दूरचे आहे, प्राचीन इस्राएलचे. आधी ते थोडक्यात सांगते, कारण त्याच्याशी ताडून पाहिले की आपले उत्तर जास्त स्पष्ट दिसते. (इस्राएल अगदीच परका नव्हे. कोकणातील बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला आहे. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.)

इस्राएल लोकांत बारा वंशांना भूमी वाटून देण्यात आली. लेवी वंशाला मात्र वाटणीत प्रांत मिळाला नाही. त्यांच्याकडे उपासनेची सेवा होती, आणि लेवींपैकीच अहरोनाचे वंशज प्रत्यक्ष याजक, म्हणजे पुरोहित होते. त्यांच्यासाठी इतर वंशांनी आपापल्या प्रांतातून गावे काढून द्यावीत असे ठरले. ज्याची जमीन मोठी त्याने जास्त गावे द्यावीत, ज्याची लहान त्याने कमी. बायबलातील यहोशवाच्या पुस्तकात ही यादी आहे. अहरोनाच्या घराण्याला १३ गावे, त्याच्याच कहाथी कुळातील इतरांना १०, गेर्षोनाच्या कुळाला १३ आणि मरारीच्या कुळाला १२. मुलांनो, बेरीज करून पाहा, ४८ येते. ही यादी नेमकी कोणत्या राजाच्या काळातील, किंवा सगळी गावे खरोखर लेवींच्या हाती होती का, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण नियम विचारपूर्वक केलेले आहेत.

गावाभोवती गुरांसाठी कुरण असे. गावाच्या तटापासून बाहेर हजार हात असे त्याचे एक माप दिले आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, आपल्या आजीचेच माप! हजार हात म्हणजे सुमारे ४५० मीटर. मात्र गाव मिळाले म्हणजे शिवार मिळालेच असे नाही. हेब्रोन हे गाव याजकांना मिळाले, पण त्याची शेते आणि वाड्या कालेब नावाच्या योद्ध्याकडेच राहिल्या. याजकाला राहायला घर आणि गुरांना चारा. धान्य इतरांच्या शेतातून दशांश म्हणून येई, आणि त्या दशांशाचाही दहावा भाग लेवींनी याजकांना द्यायचा.

आणखी एक नियम होता. लेवीने गावातले घर विकले तर ते त्याला केव्हाही सोडवून घेता येई, आणि पन्नासाव्या वर्षी ते आपोआप परत येई. गावाभोवतीचे कुरण मात्र विकताच येत नसे. कोणत्याही अडचणीत नाही, कोणत्याही भावाला नाही. विश्वस्त मंडळींनी हा नियम दोनदा वाचावा अशी नम्र विनंती. आपल्या मैदानाच्या रस्त्याकडील बाजूला दुकाने काढण्याची सूचना दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी आणतो, म्हणून सांगितले.

व्यवस्था कागदावर चांगली असली तरी चालवणारा हवा. नहेम्या नावाचा अधिकारी यरुशलेमेत परत आला तेव्हा त्याला दिसले की लेवींचा वाटा त्यांना मिळालेलाच नाही, आणि सेवा सोडून ते आपापल्या शेतांवर निघून गेले आहेत. त्याने अधिकाऱ्यांना खडसावले, कोठारांवर विश्वासू माणसे नेमली आणि वाटप पुन्हा सुरू केले. (यातून शिक्षकांच्या पगाराबद्दल मी काही सुचवीत आहे असा गैरसमज नसावा. आपल्याकडे पगार वेळेवर होतात.)

त्या ४८ गावांपैकी सहा गावे आश्रयाची होती. केदेश, शखेम, हेब्रोन, आणि नदीपलीकडे बेसेर, रामोथ, गोलान. ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याने या गावात धावत यायचे. चौकशी होईपर्यंत मृताचे नातलग त्याला हात लावू शकत नसत. जाणूनबुजून खून करणाऱ्याला मात्र तेथे थारा नव्हता.

आता आपल्या गावाकडे या. आपले गौतमपुरा हे सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांनी वसवले, हे नावावरूनच कळते. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात आणखी एक नोंद आहे. गाव वसवताना त्याला खास हक्क दिले गेले, आणि खुनी माणूससुद्धा या गावाच्या हद्दीत सुरक्षित समजला जाई. हिंगोट युद्धाच्या दिवशी तुर्रा आणि कलंगीवाल्यांच्या अग्निबाणांमधून वाट काढत घरी जाणाऱ्याला हे वाचून नक्कीच हसू येईल! आपले गाव पुरोहितांचे नव्हते, ते रंगाऱ्यांचे आणि छिंटाच्या कापडाचे. पण एका बाईने गाव वसवावे आणि त्याला अभय द्यावे, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकात यायला हवी असे मला वाटते.

पुरोहितांना जमीन देण्याचे पुरावे आपल्या भागात याहून खूप जुने आहेत, आणि ते तांब्यावर कोरलेले आहेत. धार जिल्ह्यात बाघ येथे १९८२ साली २७ ताम्रपटांचा साठा सापडला. तेथील स्थानिक महाराजांनी देवळांना आणि त्यांच्या पूजकांना जमिनी दिल्याचे हे लेख आहेत. आपल्या शेजारच्या बेटम्याला राजा भोजाचा ताम्रपट मिळाला, विक्रम संवत १०७६ चा, म्हणजे इ.स. १०२० चा. कोकण जिंकल्याच्या पर्वावर दिलेले हे दान आहे. आणि खुद्द देपालपूरचा ताम्रपट संवत १०७९ चा. त्यात जमीन मिळालेला ब्राह्मण मान्यखेटाकडचा आहे. मान्यखेट म्हणजे दख्खनमधील राष्ट्रकूटांची जुनी राजधानी, आजचे कर्नाटकातील मळखेड. म्हणजे आपले पूर्वज होळकरांबरोबर नर्मदा ओलांडून आले त्याच्या सातशे वर्षे आधी कोणीतरी दख्खनवरून पोथ्या घेऊन याच तहसिलीत येऊन वसला होता. परमारांच्या या दानपत्रांत राजा आज्ञा देताना गावातील रहिवाशांबरोबर "पट्टकिल" नावाच्या माणसाला संबोधतो. हाच शब्द झिजत झिजत इकडे पटेल आणि तिकडे पाटील झाला.

पण मला सर्वांत जास्त शिकवून गेला तो विदर्भातील चम्मकचा ताम्रपट. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ हे गाव आहे. १८६८ च्या सुमारास तेथे शेत नांगरताना हे पत्रे सापडले. देणारा वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचा नातू, पाचव्या शतकातला. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने चर्मांक नावाचे गाव, राजमापाने ८,००० भूमी एवढी जमीन, वेगवेगळ्या गोत्रांच्या १,००० ब्राह्मणांना दिली. गंमत म्हणजे हजार म्हटले तरी पत्र्यावर नावे मात्र ४९ जणांचीच आहेत. उरलेल्यांसाठी तांबे पुरले नसावे!

या लेखात सवलतींची जी यादी आहे ती वाचताना त्या काळचे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. राजाचे शिपाई गावात शिरणार नाहीत. गावाने राजाच्या माणसांना फुले आणि दूध पुरवायचे नाही, चारा, कातडे आणि कोळसा द्यायचा नाही. मिठाच्या खाणीवर राजाचा हक्क नाही, वेठबिगार नाही, आणि जमिनीत पुरलेले धन सापडले तर तेही गावाचे. आता उलट वाचा. ज्या गावाला ही सवलत नव्हती, त्याला हे सगळे द्यावे लागत होते. साध्या शेतकऱ्याच्या आयुष्याची माहिती देणारा एवढा चांगला कागद त्या काळात दुसरा मिळणे कठीण, आणि तो मिळाला कोठे, तर ब्राह्मणांच्या दानपत्रात.

त्यापुढे अटी आहेत. दान चंद्र-सूर्य असेतोवर चालेल, पण केव्हा? हे लोक राज्याशी द्रोह करणार नाहीत, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करणार नाहीत, राजाला विष घालणार नाहीत, युद्ध करणार नाहीत, दुसऱ्या गावांना त्रास देणार नाहीत, तेव्हा. यातले काही केले, किंवा करणाऱ्याला संमती दिली, तर राजाने जमीन काढून घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. दानपत्रे म्हटली की परत घेणाऱ्याला दिलेले शाप आपल्याला आठवतात. साठ हजार वर्षे किडा होशील वगैरे. पण शापाच्या शेजारीच हा करार आहे. पुरोहित म्हणून जन्मला एवढ्यावर जमीन नव्हती, वागणुकीवर होती.

एक गोष्ट मात्र ताम्रपट सांगत नाहीत आणि ती मला बोचते. चर्मांक गावात आधीपासून राहणारे जे कुणबी, गवळी, चांभार होते त्यांना कोणी विचारले का? काल सारा राजाला जात होता, उद्यापासून नव्या धन्याला जाणार, एवढाच त्यांच्यासाठी फरक. चांगला धनी असला तर शिपायांचा जाच गेला, वाईट असला तर धनी दारातच बसलेला. लेवींच्या व्यवस्थेत याजकाला राहती गावे आणि कुरण मिळे, दुसऱ्याच्या शेतावर अंमल मिळत नसे. आपल्या अग्रहारात अनेकदा उत्पन्नासकट अख्खे गाव मिळे. मला वाटते हा फरक मोठा आहे, आणि पुढे आपल्या समाजात जी कटुता आली तिचे एक मूळ येथे आहे. काही पालकांना हे वाक्य आवडणार नाही. आपण शाळेत बसून बोलू.

गावपातळीवर दुसरी एक पद्धत होती, ती दशांशाच्या जवळची. महाराष्ट्रातील बलुतेदारांत गुरव आणि जोशी असत. गुरव देवळाची झाडलोट, पूजा, दिवाबत्ती करी, बेल आणि पत्रावळी पुरवी. जोशी पंचांग सांगे. सुगीला खळ्यावर त्यांचे बलुते निघे, सुतार-लोहारासारखेच. काहींना जमिनीचा तुकडाही इनाम असे. पुण्यात पेशवे श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तो पैसा पूर्ण बंद न करता त्यातून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आजच्या डेक्कन कॉलेजचा उगम तेथे आहे. भिक्षुकांचे अन्न शाळेच्या फीत कसे बदलले हा एक वेगळा लेख होईल.

आता होळकरांची खासगी. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर दिली. राज्याचे उत्पन्न ती "दौलत", आणि बाईंचे स्वतःचे उत्पन्न ती "खासगी". मुलींनी हे लक्षात ठेवावे की या उत्पन्नावर मल्हाररावांचा नव्हे, बाईंचा हक्क होता. १७६१ साली गौतमाबाई वारल्या आणि खासगी सूनबाई अहिल्याबाईंकडे आली. त्यांनी काय केले हे सांगायला नको. काशी, सोमनाथ, गया आणि कितीतरी ठिकाणची देवळे, घाट, धर्मशाळा. देऊळ बांधून त्या थांबल्या नाहीत. पूजेचा, अन्नछत्राचा आणि पुजाऱ्याचा खर्च कायमचा कोठून येईल याचीही त्यांनी सोय लावली. दगड उभा करणे सोपे, रोजचा नैवेद्य दोनशे वर्षे चालू ठेवणे कठीण.

१९४८ साली मध्य भारत संघ झाला, होळकर राज्य त्यात विलीन झाले. खासगीच्या जमिनी आणि उत्पन्न सरकारात जमा झाले आणि त्याबदल्यात धर्मादायासाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये कायमचे बाजूला ठेवायचे ठरले. १९६२ साली त्यासाठी विश्वस्त संस्था झाली. आकडा कायमचा ठरवला गेला, पण गव्हाचा भाव काही कायमचा नसतो. जमिनीचे पीक महागाईबरोबर वाढते, ठरलेली रक्कम वाढत नाही. आठवीच्या मुलांनी चक्रवाढ व्याजाच्या धड्यानंतर या रकमेवर एक गणित करून पाहावे. पुढे या २४६ मालमत्तांच्या व्यवहारावरून वाद झाला, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही संस्था सार्वजनिक न्यास आहे, तिने मध्य प्रदेशच्या १९५१ च्या कायद्याखाली नोंदणी केली पाहिजे.

आता त्या मुलाच्या प्रश्नावर येते. आपल्या राज्य सरकारने १९९४ आणि २००८ साली परिपत्रके काढली की मंदिराच्या जमिनीच्या नोंदीतून पुजाऱ्यांची नावे काढावीत, कारण काही पुजारी या जमिनी विकत होते. पुजाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ६ सप्टेंबर २०२१ रोजी निकाल लागला. जमिनीचा मालक देव. कायद्याच्या दृष्टीने देव ही मालमत्ता धारण करू शकणारी व्यक्ती आहे. पुजारी हा देवाच्या वतीने जमीन सांभाळणारा. तो पूजा करीत नसेल तर जमीन त्याच्याकडून काढून घेता येते. भूमिस्वामीच्या रकान्यात फक्त देवाचे नाव. आणि न्यायालयाने असेही सांगितले की जे मंदिर शासनाचे नाही तेथे व्यवस्थापक म्हणून कलेक्टरचेही नाव घालता येणार नाही. कुरण विकायचे नाही हा जुना नियम आणि वागणूक बिघडली तर जमीन परत ही चम्मकची अट, दोन्ही या निकालात वेगळ्या शब्दांत आहेत असे मला वाटले.

हा निकाल आला तेव्हा माझ्या चुलतभावाचा फोन आला होता. आजोबांनंतर काका आणि काकांनंतर तो पूजा करतो. तो फार चिडला होता. "ताई, पाच वाजता उठून देवाला आंघोळ मी घालतो, आणि कागदावर मी कोणी नाही?" मी त्याला समजावले की नाव नव्हतेच, आजोबासुद्धा "देवाचे" म्हणत. तो म्हणाला, "आजोबांना बँकेचं कर्ज घ्यायचं नव्हतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नोंदीत नाव नाही म्हणजे पीककर्जाला अडचण, नुकसानभरपाईला अडचण. मग मी त्याला एक गोष्ट विचारली, जी मला बरीच वर्षे ठाऊक होती आणि आमच्या घरी कोणी बोलत नाही. नऊ बिघ्यांचे सात कसे झाले? तो गप्प बसला. १९८० च्या सुमारास, एका लग्नाच्या वेळी, आमच्याच घरातून दोन बिघे एका शेजाऱ्याला स्टॅम्प पेपरवर लिहून दिले गेले होते. ते लग्न माझ्या आत्याचे होते. त्या हळदीत मीही नाचले होते, सात-आठ वर्षांची असेन. म्हणजे सरकारच्या परिपत्रकात ज्या पुजाऱ्यांबद्दल लिहिले आहे त्यांत आम्हीही आहोत.

भाऊ अजून पूजा करतो. गेल्या दिवाळीत त्याने मला मोबाईलवर खसऱ्याची नक्कल पाठवली. भूमिस्वामीच्या रकान्यात श्रीराम मंदिर. क्षेत्रफळ सात बिघ्यांचेच.

इयत्ता आठवी ते दहावीसाठी उपक्रम:

१. आपल्या गावातील किंवा आजोळच्या एका मंदिराची जमीन आहे का, हे वडीलधाऱ्यांना विचारा. असल्यास खसऱ्याची नक्कल मिळवून भूमिस्वामीच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वहीत उतरवा. पटवारी काकांकडे जाताना पालकांना बरोबर न्या.

२. ती जमीन पूर्वी किती होती आणि आज किती आहे? फरक असल्यास का, हे किमान दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहा.

३. पट्टकिल, अग्रहार, इनाम, माफी, बलुते, खासगी या शब्दांपैकी कोणते तुमच्या घरी अजून बोलले जातात?

वह्या महिनाअखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. ज्याने प्रश्न विचारला त्या मुलाला पहिल्या उपक्रमातून सूट आहे, त्याने तो आधीच केला आहे.

आपली,
प्राचार्या